पटावरचे दाणे मोजून झाल्यावर

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत गेलं की सगळ्या पटावर मिळून एवढे दाणे होतात. राजाचं कोठार रिकामं झालं की सांगणारा गोष्ट संपवतो. मला वाटतं, तिथून पुढे बघण्यासारखं खूप आहे. ही वीस अंकी संख्या कोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनली आहे? तिला किती संख्यांनी निःशेष भाग जातो? हे सगळं एका सुट्टीच्या दुपारी कागद-पेन्सिलीने काढता येतं. नववीतल्या मुलांबरोबर मी ते कितीदा तरी केलं आहे. ती कृती इथे देतो आहे.

साहित्य म्हणजे चौकटींची वही, टोक केलेली पेन्सिल आणि खोडरबर. चौकटींचीच वही हवी, कारण एका चौकटीत एक अंक बसला की स्तंभ हलत नाहीत. साधा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. दहा अंक दाखवणारं यंत्र १.८४४६७४४०७ आणि पुढे दहाचा एकोणिसावा घात दाखवून मोकळं होतं, उरलेले दहा अंक गायब. संख्या विषम आहे का, तिला पाचाने भाग जातो का, हे सांगणारा शेवटचा अंकच त्यात हरवतो.

ही संख्या वाचायची कशी, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक, दश, शत अशी दहापट वाढणाऱ्या स्थानांची नावं आहेत. ती अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी चढत परार्धावर संपतात. एकूण अठरा स्थानं. आपल्या संख्येला वीस लागतात, म्हणून ती १८४ परार्ध आणि वर काही, अशी वाचावी लागते.

संख्या स्वतः तयार करा

छापलेली संख्या उतरवून घेऊ नका. ती हाताने बनवली की तिची ठेवण कळते आणि पुढचं सगळं त्या ठेवणीवरच उभं आहे.

आधी बेरजेचा प्रश्न मिटवा. पहिल्या घरात एक जादा दाणा ठेवा. तिथे दोन झाले. ते दुसऱ्या घरातल्या दोनांत मिळवले की चार, ते तिसऱ्यातल्या चारांत मिळवले की आठ. असं सरकत शेवटच्या घरातून बाहेर पडलात की हातात २ चा ६४ वा घात असतो. जादा दाणा परत काढून घ्या. म्हणजे आपली संख्या २ च्या ६४ व्या घातापेक्षा एकाने कमी आहे.

आता हा घात काढायला दुप्पट करत बसण्याची गरज नाही. अल्-बिरूनीने सुमारे हजार वर्षांपूर्वी हीच संख्या बरोबर काढून दाखवली, ती वर्ग करत करत. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५,५३६. चारच पावलांत आपण सोळाव्या घातावर पोचलो. अजून दोन वर्ग बाकी आहेत.

६५,५३६ चे ६५ हजार आणि ५३६ असे दोन तुकडे करा. पहिल्याचा वर्ग ४,२२,५०,००,०००. दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ६,९६,८०,०००. दुसऱ्याचा वर्ग २,८७,२९६. तिन्हींची बेरीज ४,२९,४९,६७,२९६. हा २ चा ३२ वा घात.

शेवटचा वर्ग मोठा आहे, पण रीत तीच. दहा अंकांचे मधोमध दोन भाग करा: ४२९४९ आणि ६७२९६. पहिल्याचा वर्ग १८४४६१६६०१, त्यापुढे दहा शून्यं. दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ५७८०५९१८०८, त्यापुढे पाच शून्यं. दुसऱ्याचा वर्ग ४५२८७५१६१६, त्यापुढे काही नाही. उजवी कड जुळवून एकाखाली एक मांडा:

१८४४६१६६०१००००००००००
५७८०५९१८०८०००००
४५२८७५१६१६

(वहीत दुसरी ओळ पाच चौकटी उजवीकडे सरकून सुरू होईल, तिसरी दहा.) बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१६ आली पाहिजे.

आली का, हे तपासायला शाळेतली युक्ती वापरा. अंकांची बेरीज करा, त्या बेरजेच्या अंकांची पुन्हा बेरीज करा, एक अंक उरेपर्यंत. ४२९४९६७२९६ चे अंक मिळवले की ५८, मग १३, मग ४. चाराचा वर्ग १६, म्हणजे ७. उत्तराच्या अंकांची बेरीज ८८, मग १६, मग ७. जुळलं.

इथे सावध राहा. मधल्या ओळीला पाचाऐवजी चार शून्यं लागली, तर उत्तर साफ चुकतं, पण अंकांची बेरीज ७ च येते, कारण शून्यांनी बेरीज बदलत नाही. एका वर्षी एका मुलीची वही या तपासणीतून बिनबोभाट पुढे गेली आणि तासाभराने कुठलाच भागाकार जमेना. तेव्हापासून मी अकराची तपासणीही करायला लावतो. उजवीकडून एक सोडून एक अंकांची बेरीज ६३, मधल्या अंकांची २५, फरक ३८, अकराने भागल्यावर बाकी ५. मूळच्या दहा अंकी संख्येत या बेरजा २० आणि ३८ येतात. वीसातून अडतीस जात नाहीत, म्हणून २२ मिळवा, बाकी ४. चाराचा वर्ग १६, बाकी ५. हेही जुळलं, म्हणजे शून्यं जागेवर आहेत. आता एक वजा करा. शेवटचा ६ जाऊन ५ येतो.

सोप्या कसोट्या

शेवटी ५, म्हणून ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ ने जातो, ९ ने जात नाही. अकराची बाकी ५ वरून ४ झाली, म्हणून ११ ने जात नाही.

सातासाठी वेगळी वाट घ्या, कारण पुढे तीच उपयोगी पडणार आहे. २ चे घात एकामागून एक ७ ने भागा आणि फक्त बाकी लिहा: २, ४, १, २, ४, १. तीन पावलांचं चक्र आहे. ६४ ला ३ ने भागलं की १ उरतो, म्हणून चौसष्टाव्या घाताची बाकी २. त्यातून एक वजा केला की १. सातने भाग जात नाही.

तेच १७ साठी करा: २, ४, ८, १६, १५, १३, ९, १. आठ पावलांत चक्र पूर्ण झालं. ६४ ला ८ ने निःशेष भाग जातो, म्हणून चौसष्टाव्या पावलावर बाकी १ येते आणि एक वजा केला की शून्य. १७ ने भाग गेला, तेही वीस अंकी भागाकार न मांडता. विषम मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जायचा, तर तिच्या चक्राच्या लांबीने ६४ ला भाग गेला पाहिजे. म्हणजे लांबी २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४ यांपैकीच असणार.

वर्गांच्या फरकाने फोडा

दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांची बेरीज गुणिले वजाबाकी. आठवीचं सूत्र. आपली संख्या म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ चा वर्ग वजा १ चा वर्ग. म्हणून:

४,२९,४९,६७,२९७ × ४,२९,४९,६७,२९५

उजवीकडची संख्या पुन्हा तशीच, ६५,५३६ चा वर्ग वजा एक. ती फुटून ६५,५३७ × ६५,५३५ होते. ६५,५३५ फुटून २५७ × २५५, २५५ फुटून १७ × १५, आणि १५ म्हणजे ५ × ३. चार ओळींत वीस अंकी संख्येची ही मांडणी झाली:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

मुलं या ओळीशी नेहमी थोडी गप्प होतात. संख्येची ठेवण कळली की ती आपणहून उलगडते, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

हे तुकडे अजून फुटतात का

३, ५, १७ यांचा प्रश्न नाही. २५७ साठी १३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासा. कशानेच भाग जात नाही.

६५,५३७ चं वर्गमूळ २५६ च्या किंचित पुढे. २५६ च्या आत चोपन्न मूळ संख्या आहेत. चोपन्न भागाकार करायला दोन तास जातील, आणि इथेच चक्र कामाला येतं. एखाद्या मूळ संख्येने ६५,५३७ ला भाग जात असेल, तर त्या संख्येने भागल्यावर २ च्या सोळाव्या घाताची बाकी ‘एक कमी शून्य’ असणार, म्हणजे त्या संख्येपेक्षा एकाने लहान. तिचा वर्ग केला की बाकी १. म्हणजे चक्राची लांबी बरोबर ३२. आणि फर्माचा छोटा सिद्धान्त सांगतो की चक्राच्या लांबीने ‘मूळ संख्या वजा एक’ हिला निःशेष भाग गेलाच पाहिजे. तेव्हा ३२ ने भागून १ उरतो अशाच संख्या बघा: ३३, ६५, ९७, १२९, १६१, १९३, २२५. त्यांतल्या मूळ फक्त ९७ आणि १९३. ९७ ने भागून ६२ उरतात, १९३ ने भागून ११०. चोपन्न भागाकारांचं काम दोघांत संपलं. ६५,५३७ मूळ आहे.

४,२९,४९,६७,२९७

या संख्येवर थोडं थांबा. १६४० च्या सुमारास पिएर द फर्मा यांनी ३, ५, १७, २५७, ६५,५३७ ही माळ पाहिली आणि तिच्यातली पुढची प्रत्येक संख्या मूळच असणार असा अंदाज बांधला. पुढची संख्या हीच. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी तो अंदाज खोटा ठरवला.

तुम्हीही ठरवा. इथे चक्राची लांबी ६४, म्हणून ६४ ने भागून १ उरणाऱ्या संख्या लिहा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. संयुक्त संख्या खोडल्या की १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ उरतात. दहा अंकी भागाकार मांडू नका. २५६ चा वर्ग करा, बाकी घ्या. बाकीचा वर्ग करा, पुन्हा बाकी घ्या, एक मिळवा.

१९३ ने १०९ उरतात. २५७ ने २. ४४९ ने ३२५. ५७७ ने २८८. आता ६४१ हळू करा. ६५,५३६ मधून ६४१ × १०२ = ६५,३८२ वजा, उरले १५४. १५४ चा वर्ग २३,७१६. त्यातून ६४१ × ३६ = २३,०७६ वजा, उरले ६४०. एक मिळवला, ६४१ झाले. बाकी शून्य.

ही बाकी पहिल्यांदा माझ्या वहीत उतरली तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवून ती ओळ पुन्हा वाचली होती. आजही एखाद्या मुलाच्या वहीत ती उतरताना पाहिली की तितकाच आनंद होतो.

दुसऱ्या वाटेने खात्री करायची असेल तर हे बघा. ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे लिहिता येते: ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, आणि ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग. मूळ संख्या असं कधीच दोन प्रकारांनी लिहिता येत नाही, हेही ऑयलर यांनीच दाखवलं. सम संख्यांची वजाबाकी ३,२७२, विषम संख्यांची २०,४४८, त्यांचा मसावि ८. सम संख्यांची बेरीज १,२७,८००, विषम संख्यांची २०,४५०, त्यांचा मसावि ५०. दोन्ही मसावि निम्मे करा, ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१.

आता एकदाच लांब भागाकार मांडा. ४,२९,४९,६७,२९७ ÷ ६४१ = ६७,००,४१७.

शेवटचा तुकडा

६७,००,४१७ चं वर्गमूळ २,५८८ च्या जरा पुढे. तिथवरच्या मूळ संख्या पावणेचारशेच्या वर आहेत. सुदैवाने १८७८ मध्ये एदुआर ल्यूका यांनी ऑयलर यांचा ‘६४ ने भागून १’ हा नियम आणखी घट्ट केला: असे अवयव १२८ ने भागले तरी १ च उरतो. १२९ पासून १२८ मिळवत २,५६१ पर्यंत वीस संख्या होतात. त्यांतल्या मूळ पाचच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. पाचही भागाकार करा. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतील. कशानेच भाग गेला नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ. शेवटची ओळ जाड अक्षरांत लिहा:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

अकराची तपासणी इथेही करा. या सात संख्या अकराने भागल्या की ३, ५, ६, ४, ३, १० आणि ९ उरतात. त्यांचा गुणाकार करत, प्रत्येक पावलावर अकराने भागत गेलात की शेवटी ४ उरतो. आपल्या मोठ्या संख्येचाही ४ च होता.

या ओळीवरून काय काय वाचता येतं

सात मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. विभाजक बनवताना प्रत्येकीबद्दल एकच निर्णय असतो, घ्यायची की सोडायची. दोन पर्याय सात वेळा, म्हणून एकूण १२८ विभाजक, १ आणि स्वतः ती संख्या धरून.

त्या १२८ विभाजकांची बेरीज हवी असेल तर प्रत्येक मूळ संख्येत एक मिळवून गुणाकार करा: ४ × ६ × १८ × २५८ × ६४२ × ६५,५३८ × ६७,००,४१८. हा गुणाकार पूर्ण करायची गरज नाही. आपल्या संख्येशी गुणोत्तर काढलं की ते सुमारे १.७०३ येतं. दोन आलं असतं तर संख्या परिपूर्ण म्हटली असती. ही त्याच्या खाली राहते.

तिच्याहून लहान आणि तिच्याशी एकही सामाईक अवयव नसलेल्या संख्या मोजायच्या असतील, तर प्रत्येकीतून एक वजा करून गुणा. २, ४, १६, २५६ आणि ६५,५३६ यांचा गुणाकार नेमका २ चा ३१ वा घात होतो. त्याला ६४० आणि ६७,००,४१६ ने गुणायचं. या सातांतल्या फर्माच्या पाच संख्या किती शिस्तीच्या आहेत ते इथे दिसतं. त्या पाचांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५. इतक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती फक्त पट्टी आणि कंपासने काढता येते, हे कार्ल फ्रीडरिश गाउस यांच्या कामातून कळतं, आणि विषम बाजूंची अशी याहून मोठी आकृती आजवर कोणाला माहीत नाही.

शेवटचे दोन अंक १५, त्यांना ४ ने भागून ३ उरतात. एवढ्यावरून संख्या पूर्ण वर्ग नाही आणि दोन वर्गांची बेरीजही नाही. द्विमान पद्धतीत ती लिहायला सगळ्यात सोपी, ओळीने चौसष्ट एक. ६४ बिटांच्या संगणकात चिन्हाशिवाय मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच.

वही मिटण्याआधी

आपल्या संख्येत २ मिळवा. २ चा ६४ वा घात अधिक एक, म्हणजे फर्माच्या माळेतली पुढची संख्या. तिला वर्गांच्या फरकाची वाट नाही, म्हणून ती फोडणं खूप अवघड गेलं. १८८० मध्ये फॉर्च्युने लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने तिचे अवयव प्रसिद्ध केले: २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. अवयव शोधणं कष्टाचं असलं तरी तपासायला दहा मिनिटं पुरतात. ४,२९,४९,६७,२९६ ला २,७४,१७७ ने भागा, २,५८,७६८ उरतील. हा आकडा मोठा आहे, तेव्हा तो भाजकातून वजा करून १५,४०९ घ्या. वर्ग केल्यावर बाकी तीच येते. १५,४०९ चा वर्ग २३,७४,३७,२८१. त्याला पुन्हा २,७४,१७७ ने भागा आणि काय उरतं ते लिहा. २,७४,१७६ उरले पाहिजेत.